आत्याची सहाशे बारा अंडी आणि वायफायवरची गर्दी

अंड्याला ताप आलाय की नाही, हे आत्या पापणीनं ओळखते. अंडं उचलायचं, डोळा मिटायचा आणि मिटलेल्या पापणीवर ते हलकेच टेकवायचं. ऊब लागली पण चटका नाही, तर आतला जीव मजेत आहे. हाताच्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. हात दिवसभर नाना उद्योग करतो, कधी उकळत्या पाण्यात तर कधी गार फरशीवर, त्याला कसली आलीय पारख? पापणी बिचारी कुठं जात नाही, येत नाही, म्हणून ती खरं सांगते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिनं दोन नंबरच्या कपाटातलं एक अंडं पापणीला लावलं आणि लगेच काढलं. दुसरं लावलं. मग तेच दुसऱ्या डोळ्याला लावून पाहिलं, एखाद्या वेळी डोळ्यातच खोट असायची.

"वहिनी," ती म्हणाली, "हे तापलंय."

वहिनी दारात बसून शेंगा सोलत होती. "कोण तापलंय?"

"सहाशे बारा जण."

वहिनीच्या हातातली शेंग अर्धीच राहिली.

घराच्या मागच्या खोलीत उबवणीची तीन कपाटं आहेत. लाकडी, माणसाच्या उंचीची, आत तापणारी तार, एक पंखा आणि ट्रेच्या चळती. एक आणि तीन नंबरची धुऊन उघडी टाकलेली होती. दोन नंबरमध्ये एकोणीस दिवसांची अंडी होती. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे ही सगळी मंडळी आवराआवर करून दाराशी येऊन बसलेली. आणि ती आत्याची नव्हतीच. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या चौतीस घरांची होती. लोक आपल्या कोंबड्यांची अंडी आणून देतात, आत्या प्रत्येकावर मेणाच्या पेन्सिलीनं त्या घराची खूण काढते, कुणाची चांदणी, कुणाचा मासा, कुणाची शिडी, आणि तीन आठवड्यांनी ज्याची त्याला पिल्लं परत देते. दुसऱ्याच्या पोटची पोरं सांभाळायची म्हणजे जोखीम. आपलं अंडं फुकट गेलं तर माणूस हळहळतो आणि विसरतो. लोकांचं गेलं तर चौतीस दारांत जाऊन मान खाली घालावी लागते.

हे काम तिच्या वडिलांचं. ती बारा वर्षांची असताना त्यांनी तिला कंदिलावरच्या कपाटापाशी बसवलं आणि सांगितलं, वात वर-खाली करत राहा. ती जी बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला एकवीस दिवसांच्या वर कुणाशी जमत नाही." पुढं कंदील गेला, वीज आली. भाऊ वारला तेव्हा घरात दोघीच उरल्या, आत्या आणि वहिनी, आणि वहिनीचा मुलगा बारक्या. बारक्या मोठा झाला, जहाजावर कामाला लागला, आणि जाण्याआधी आत्याच्या जागरणांवर त्यानं उपाय करून ठेवला. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, डबा माळ्यावर ठोकला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, काही नाही. तारा सोडल्या कपाटांत. आत्याच्या फोनवर कोंबडीचं एक चित्र चिकटवून दिलं. चित्र दाबलं की पान उघडायचं: आत गरमी किती, ओल किती, आणि हवी तशी बदलायची सोय. आत्यानं पहिले दोन महिने त्याच्यावर संशय घेतला. मग ती झोपायला लागली.

आता तिनं ते चित्र दाबलं. पान उघडलं नाही. परत दाबलं. "हे पान सापडत नाही," असं फोननं तिला थंडपणे कळवलं.

"अरे, काल तर होतं," आत्या फोनला म्हणाली.

कपाटातल्या काचेच्या तापमापकात पारा अडतीस अंश दोनवर होता. हवा होता सदतीस दोनवर. एक अंश म्हणजे फार वाटत नाही, पण शेवटच्या दिवसांत आतली पिल्लं स्वतःच शेगडीसारखी तापत असतात. चाळीसच्या जवळ गेलं की खेळ खलास.

"मग बटण बंद करा की," वहिनी म्हणाली.

"बटण बंद केलं की पंखाही बंद. वरचा ट्रे भाजेल, खालचा गारठेल, आणि यांना श्वास कुठून पुरायचा?"

"दार उघडं टाका."

"ओल उडून जाईल. कवचाच्या आतला पापुद्रा सुकून अंगाला चिकटलं की पिल्लाला मानसुद्धा वळवता येत नाही."

"म्हणजे उघडायचंही नाही, मिटायचंही नाही."

"तेच म्हणतेय मी." आत्यानं लाकडी उलथन्याचा दांडा दाराच्या फटीत अडकवला. बोटभर फट. त्यावर तास-दीड तास निघाला असता. तिनं फोन तोंडाशी धरला आणि बारक्याला निरोप बोलली, "बारक्या, तुझी कोंबडी मेलीय आणि माझी मरायच्या वाटेवर आहेत. फोन कर."

बारक्याचं जहाज त्या वेळी कुठल्याशा बंदरात होतं, हे त्या अंड्यांचं नशीब. सात मिनिटांनी त्याचा आवाज आला, मागं भोंगा आणि कुणाची तरी ओरडाओरड.

"आत्या, ऐक, मला वेळ कमी आहे. मघाशी वीज गेली होती ना? वीज आली की वायफायचा डबा सगळ्यांना नवे आकडे वाटतो. आपल्या कॉम्प्युटरला काल जो आकडा होता तो आज नाही, आणि तुझं कोंबडीचं चित्र जुन्याच आकड्याला हाका मारत बसलंय. नवा आकडा शोधायचा. मी एक ॲप पाठवलंय, ते फोनमध्ये घाल आणि 'शोधा' दाब. घरच्या वायफायवर जे जे आहे त्याची यादी येईल. घरात आहेच काय? तुझा फोन, आईचा फोन आणि कॉम्प्युटर. पहिले दोन वगळ, तिसरा आपला. तो आकडा वरच्या पट्टीत लिही, पान उघडेल. आणि उघडल्या उघडल्या गरमी खाली आण. तो परत सुरू झाला की माझा चाचणीचा साडेएकोणचाळीसचा आकडा धरतो. ते बदलायचं राहून गेलं. सॉरी. जहाज सुटतंय."

"राहून गेलं म्हणे," आत्या म्हणाली. पण तोवर बारक्या पाण्यात गेला होता, म्हणजे जहाजासकट.

ॲप उतरायला तीन मिनिटं लागली. आत्यानं 'शोधा' दाबलं. पडद्यावर एक गोल फिरला आणि एकाखाली एक ओळी टपकायला लागल्या. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, आणि पुढं प्रत्येकाचा वेगळा आकडा. आडनाव सगळ्यांचं एकच, नाव तेवढं शेवटी. आत्याला ती पद्धत आवडली. मग तिनं मोजलं.

"वहिनी, आपल्या घरात माणसं किती?"

"दोन. का?"

"वायफायचा डबा सोडून इथं दहा जण राहतायत."

वहिनीनं शेंगांच्या टोपलीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"वहिनी."

"मी कुणाला पासवर्ड दिलेला नाही."

"बरं."

"फक्त शिंपीणबाईंना दिला. त्यांना डिझाइनं बघायची असतात, बिचाऱ्या किती दिवस एकाच तऱ्हेची बाही शिवत होत्या."

"आणि?"

"आणि न्हाव्याला. तो स्वतःहून म्हणाला, वहिनी, भिंतीला भिंत लागून आहे, तुमचं वायफाय तसंही माझ्या दुकानात येतंच. मग दारातून आलेल्याला काय हाकलायचं?"

"आणि?"

"एवढेच."

"हे चार झाले. बाकीचे सहा जण छपरातून उतरले का?"

"वन्सं, तुम्ही मला असं अंड्यासारखं उजेडाला धरून बघू नका."

आत्यानं खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, मेणाची पेन्सिल घेतली आणि दहाच्या दहा आकडे लिहून काढले. दोनांपुढं ओळखीची नावं होती. तिच्या फोनचं तिला ठाऊक होतं, आणि 'वहिनी'पुढं बारक्यानं गुलाबाचं फूल घातलेलं होतं. एकाचं नाव 'वाघ'. बाकीच्या सातांपुढं 'अनोळखी'. तिनं पहिल्या अनोळखीचा आकडा पट्टीत लिहिला. फोन विचारात पडला. मिनिटभर गोल फिरत राहिला आणि मग म्हणाला, सापडत नाही. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तर दीड मिनिट. पारा अडतीस चारवर गेला.

असं चालणार नव्हतं. आत्यानं पेन्सिल कानावर खोचली. तिच्या धंद्यात अंडी निवडायची एक रीत आहे. सातव्या दिवशी अंधारात एकेक अंडं दिव्यावर धरतात. त्यात जिवंत कोणतं हे शोधत बसायचं नसतं, त्यानं डोळे दुखतात. रिकामं दिसलं की बाहेर काढायचं, रिकामं दिसलं की बाहेर. उरतील ती जिवंत. तसंच करायचं. एकेका अनोळख्याला वायफायवरून उतरवायचं आणि पुठ्ठ्यावर त्याच्यावर काट मारायची. शेवटी उरेल तो माळ्यावरचा.

समोरच्या ओसरीत शिंपीणबाई मशीनवर होत्या. तोंडात चार टाचण्या, मशीनला टेकवलेला फोन, त्यात एक बाई बाही कापत होती.

"वायफाय बंद करा जरा," आत्या म्हणाली.

"म्म?"

"वायफाय."

शिंपीणबाईंनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "वहिनींनी दिलंय मला."

"दिलंय तर दिलंय, परत नाही मागत. दोन मिनिटं बंद करा."

"ही बाई आत्ताच काखेला पोचलीय."

"ती काखेत थांबेल."

शिंपीणबाईंनी नाराजीनं बंद केलं. आत्यानं पुन्हा 'शोधा' दाबलं. एक अनोळखी गेला. तिनं समाधानानं काट मारली, आणि मारता मारता तिचा हात थांबला. यादीत एक नवाच आकडा आला होता. तिनं मोजलं. दहा.

"तुमच्याकडं अजून एक फोन आहे का?"

"नाही हो. एकच आहे आणि तोही मुलीचा जुना."

आत्या तशीच शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली. न्हाव्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक गळ्यापर्यंत चादरीत गुंडाळलेलं होतं, डोकं डावीकडं कापलेलं, उजवीकडं जसंच्या तसं. मागं बाकावर पाच जण ओळीनं बसलेले, पाचांच्या माना खाली, पाचांच्या तोंडावर फोनचा उजेड. कुणी वर पाहिलं नाही.

"तुमचा फोन 'वाघ' का?" आत्यानं विचारलं.

न्हावी जरा लाजला. "पोरानं ठेवलंय नाव."

"वाघाला वायफायवरून उतरवा."

तो भला माणूस, त्यानं उतरवलं. वाघ यादीतून गेला. त्याच्या जागी बाकावरच्या कुणाचा तरी 'छोटा हत्ती' येऊन बसला. दहा. तेव्हा आत्याची नजर आरशाकडं गेली. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगानं, चांगल्या वळणदार अक्षरात तिच्या घराचा पासवर्ड लिहिलेला होता. खाली एक फूलही काढलेलं होतं.

"हे काय?"

"गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी," न्हावी म्हणाला. "सारखं सारखं सांगायला लागायचं. कान कापला जाईल कुणाचा."

आत्या तडक घरी आली. भांडायला वेळ नव्हता. अडतीस सहा.

"डबाच बंद करून चालू करा," वहिनी म्हणाली. तिला आता काहीतरी उपयोगी पडायची फार इच्छा झालेली होती. "सगळे एका झटक्यात पडतील."

हे बरं होतं. आत्यानं वायफायच्या डब्याची वायर उपसली, वीस आकडे मोजले, परत खोचली आणि ॲप घेऊन उभी राहिली. हिरवा दिवा लागला. शोधा. तीन. शोधा. सहा. परत शोधलं, नऊ. मग दहा. मग दहा. मग दहा.

आत्या त्या दहाकडं बघत राहिली. आयुष्यभर तिनं ट्रे भरले होते. ट्रेला तीस खळगे असतात. एकतिसावं अंडं कितीही चांगलं असो, चांदणीच्या खुणेचं असो की माशाच्या, त्याला बसायला जागा नसते. एक काढलं की एक बसतं. आणि ट्रे भरलेला आहे की नाही हे मोजून बघावं लागत नाही, कारण भरलेला ट्रे कुणाला आत घेत नाही.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "याला दहाच खळगे आहेत."

"कुणाला?"

"डब्याला. दहा जण बसले की दार बंद. वीज आली तेव्हा ही सगळी गल्ली पटापट आत शिरून बसली. आपला बावळट माळ्यावर डोळे चोळत उठला तोवर जागाच नव्हती. तो या दहांत नाहीच. मी जो नाहीच त्याला मघापासून शोधतेय."

वहिनीनं माळ्याकडं पाहिलं. "म्हणजे आपल्याच घरात तो उपाशी?"

"तुझ्या पाहुण्यांमुळं."

"मी आधी माझा बंद करते," वहिनी म्हणाली आणि गुलाबाच्या फुलासकट यादीतून निघून गेली. त्या जागेवर लगेच कुणीतरी बसलं.

एकेकाला उतरवून भागणार नव्हतं, हे आत्याला कळलं. रांगेत किती उभे आहेत कुणास ठाऊक, आणि फोनसारखी अधाशी जात नाही. सगळ्यांना एकदमच उतरवायला हवं होतं, आणि माळ्यावरचा जागा होऊन परत दार ठोठावेपर्यंत खालीच ठेवायला हवं होतं. शिंपीणबाईंचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता बाकाचा.

ती परत दुकानात गेली. "पाच मिनिटं सगळ्यांनी वायफाय बंद करा," ती म्हणाली.

बाकावरच्या पाच माना खालीच राहिल्या.

न्हाव्यानं तिला बाजूला घेतलं, हातात कात्री तशीच. "आत्या, असं करू नका. यांचं वायफाय गेलं की हे उठतील आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्याकडं जातील. त्याच्याकडं पंखासुद्धा मोठा आहे. माझी कटिंग कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग? माझ्याकडं लोक बसायला येतात, बसल्या बसल्या केस कापून घेतात."

"माझी अंडी भाजतायत रे."

"आत्या, अंड्याला काय कळतंय?"

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. मग ती वळली आणि घरी गेली. न्हाव्याला वाटलं, गेली रागावून. तो परत अर्ध्या डोक्याकडं वळला. दोन मिनिटांत ती आली ती दोन तळहातांची ओंजळ मिटून. सरळ न्हाव्यापाशी गेली आणि ओंजळ त्याच्या कानाला लावली.

"काय आहे?"

"बोलू नका. ऐका."

न्हाव्यानं कात्री हवेत धरली. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. न्हाव्याच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं. मग भुवया वर गेल्या.

"हे कोण बोलतंय?"

"आतला."

"बाहेर यायच्या आधीच?"

"दोन दिवस आधीपासून बोलतात. एकमेकांना विचारत असतात, तू तयार का, मी तयार. असे सहाशे बारा आहेत तिकडं."

"काय म्हणतोय हा?"

"उकडतंय म्हणतोय."

न्हावी कान हलवेना. शेवटी आत्यानंच ओंजळ काढली आणि बाकाकडं गेली. पहिल्याच्या कानाला लावली. तो शाळामास्तर दिसत होता; त्यानं आधी दचकून मान मागं घेतली, मग स्वतःच पुढं केली. दुसऱ्यानं ऐकलं, तिसऱ्यानं ऐकता ऐकता बोटानं फोन उलटा घातला. चौथा म्हणाला, "मला नाही ऐकू येत," तर तिसरा त्याला म्हणाला, "उजव्या कानानं ऐका, डावा तुमचा बंद आहे." पाचवा एक गृहस्थ होता, डोक्यावर एक केस नाही, उन्हात ठेवला तर पलीकडचं दिसावं असा गुळगुळीत.

"तुम्ही कटिंगला?" आत्यानं न राहवून विचारलं.

"बसायला," तो म्हणाला. "ऐकवा ना मला."

त्याला तिनं जरा जास्त वेळ ऐकवलं.

"बंद करा रे सगळ्यांनी," न्हावी म्हणाला. "पाच मिनिटं. कुणी चालू केलं तर त्याची अर्धीच करून सोडीन." खुर्चीतलं गिऱ्हाईक चादरीतून घाईघाईनं हात काढून फोन चाचपडायला लागलं.

बाकावरच्या पाचांचे मिळून आठ फोन, तिघांकडं दोन-दोन निघाले; खुर्चीतला नववा, न्हाव्याचा दहावा. दारातून आत्यानं शिंपीणबाईंना खूण केली, त्यांनी आपला वर धरून दाखवला, बंद. वहिनीचा बंदच होता. आत्यानं अंडं एका तळहातात घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'शोधा' दाबलं.

वायफायचा डबा. तिचा फोन. संपलं.

"दोनच?" न्हावी खांद्यावरून वाकून बघत होता.

"थांबा."

न्हाव्यानं कात्री परत चालवायला घेतली. आणि मग, फोन नसल्यामुळं, बाकावरच्या पाचही जणांनी त्या सकाळी पहिल्यांदाच समोर काय चाललंय ते पाहिलं.

"डावीकडं जास्त उडालंय," मास्तर म्हणाला.

"कुठं?" खुर्चीतलं गिऱ्हाईक.

"कानाच्या वर. पायरीसारखं झालंय."

"ती फॅशन आहे," न्हावी म्हणाला.

"पायरी एक असती तर फॅशन," टकलू गृहस्थ म्हणाला. "हा जिना आहे."

"तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"मी तुमच्याकडंच कापून घ्यायचो आधी."

शोधा. दोन. न्हाव्याच्या कपाळावर घाम आला. त्याच्या अठरा वर्षांच्या धंद्यात सहा माणसांनी एकदम त्याच्या कात्रीकडं बघितलेलं नव्हतं. तो एकेक केस मोजून कापायला लागला. चौथ्यानं सुचवलं की उजवीकडंही एक जिना काढला तर जोडी जुळेल. तिसऱ्यानं विचारलं, पाच मिनिटं झाली का. आत्या म्हणाली, तीन. तिच्या तळहातात अंडं कुरकुरत होतं.

शोधा.

वायफायचा डबा. तिचा फोन. आणि खाली, जरा उशिरानं, संकोचल्यासारखी एक तिसरी ओळ. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, तेवीस. अनोळखी.

"आला," आत्या म्हणाली.

"कोण?"

"उपाशी आला."

तिनं अंडं मास्तराच्या हातात दिलं, "गच्च धरू नका, पाडूही नका," आणि तेवीसचा आकडा पट्टीत लिहायला घेतला. अंगठा एकदा चुकला, तिनं टिंबाऐवजी स्वल्पविराम दिला. पुसलं. परत लिहिलं. गोल फिरला. सगळं दुकान त्या गोलाबरोबर फिरलं. आणि पान उघडलं, साधं, पांढरं, बारक्याच्या ओळखीच्या अक्षरांचं. गरमी आत्ता: अडतीस नऊ. ठेवायची: एकोणचाळीस पाच.

आत्यानं साडेएकोणचाळीस पुसून सदतीस दोन लिहिलं आणि 'ठेवा'वर असं दाबलं की अंगठ्याचं नख पांढरं झालं.

"झालं?" न्हावी.

"बघते." आत्यानं मास्तराच्या हातून अंडं घेतलं. त्यानं ते देताना एकदा परत कानाला लावून घेतलं. ती धावत निघाली, म्हणजे तिच्या वयाला आणि हातातल्या ऐवजाला शोभेल इतपत.

कपाटातली तार विझली होती, पंखा फिरत होता. वहिनी तापमापकासमोर पाटावर बसून होती. "अडतीस नऊ," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "अडतीस आठ." मग तिनं उठून आत्याला पाट दिला, आपण माळ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलंच माझं." ती नक्की कुणाला म्हणाली, आत्याला की डब्याला, ते आत्यानं विचारलं नाही.

दुपारी दोनपर्यंत पारा जागेवर आला. बारक्या दोन दिवसांनी पुढच्या बंदरातून बोलला. सगळं ऐकून घेतलं, मग डब्यात कॉम्प्युटरसाठी एक आकडा कायमचा राखून कसा ठेवायचा ते त्यानं सांगितलं आणि आत्यानं ते पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

पण आकडे राखून झालेली भाजणी परत फिरत नाही. तापलेली पिल्लं घाई करतात. एकविसाव्याची मंडळी विसाव्या दिवशी दुपारीच कवच फोडायला लागली, आणि सगळीच पोचली नाहीत. आत्यानं ट्रे काढले, ओली पिल्लं वाळली तशी खुणेप्रमाणं खोक्यांत भरली, आणि राहिलेली मिटकी अंडी वेगळ्या टोपलीत ठेवली. टोपलीतही एका घराची दुसऱ्याच्यात मिसळू दिली नाहीत. सहाशे बारातली पाचशे त्रेसष्ट निघाली. एकोणपन्नास नाहीत. ती रात्रभर मनात एकच वाक्य घोळवत होती: वीज गेली, गरमी वाढली, मला उशिरा कळलं, चूक माझी. बारक्याचं नाव नाही घ्यायचं, वहिनीचं नाही, न्हाव्याचं नाही. अंडी तिच्या हातात दिली होती, डब्याच्या हातात नव्हे.

सकाळी सगळ्यांत आधी माशाच्या खुणेची बाई आली. लांबून चालत येते, बोलते कमी, आणि दर वेळी बारा अंडी आणते, ना एक जास्त ना एक कमी. आत्यानं खोकं तिच्यापुढं ठेवलं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," आत्या म्हणाली.

"आधी मोजू द्या."

बाईनं बोट फिरवत मोजलं. पिल्लं एका जागी उभी राहीनात, म्हणून परत मोजलं. वहिनी शेंगा सोडून बघत राहिली.

"अकरा," बाई म्हणाली.

"हो. एक गेलं. वीज गेली, गरमी वाढली, मला उशिरा—"

"मागच्या वेळी नऊच निघाली होती."

आत्यानं मनात मागची खेप उलटून पाहिली. मागच्या वेळी वीज गेली नव्हती. गरमी अजिबात वाढली नव्हती. वायफायवर कुणी कुणाची जागा घेतली नव्हती. मागच्या वेळी सगळं अगदी जसं असायला हवं तसं होतं.

बाईनं खोक्याचं झाकण लावलं, काखेत मारलं. "काय म्हणत होता तुम्ही? मागच्या खेपेपेक्षा काहीतरी वेगळं केलंत ना? तसंच करत जा," ती म्हणाली, आणि किलबिलणारं खोकं घेऊन रस्त्याला लागली.